सत्य घटनेवरचे थरारपट : खटल्याच्या कागदातलं पडद्यावर काय उरतं?

अवंती_क
नौदल अधिकारी नानावटी यांनी बायकोचा प्रियकर आहुजा याला मुंबईत गोळ्या घातल्या, त्या नानावटी खटल्यावरून निघालेले हिंदी चित्रपट म्हटले की तीन नावं लगेच येतात. १९६३चा 'ये रास्ते हैं प्यार के', १९७३चा गुलजारांचा 'अचानक' आणि २०१६चा 'रुस्तम'. पहिल्यात नायक वैमानिक झाला, दुसऱ्यात लष्करातला मेजर, नौदलाचा गणवेश परत आला तो थेट 'रुस्तम'मध्ये. शेवट मात्र एकाचाही खटल्यासारखा नाही. प्रत्यक्षात ज्यूरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला, सत्र न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. 'रुस्तम' ज्यूरीच्या कौलापाशीच थांबतो आणि वर संरक्षण खरेदीतल्या भ्रष्टाचाराचं उपकथानक जोडतो.

निकालपत्र वाचताना जाणवतं की खरा थरार त्या मजकुरातच आहे. तो सोडून पटकथाकार बाहेरचं का आणतात? आणि कुठल्या चित्रपटांनी कागदातलं नेमकं उचललं? ज्यांनी असे खटले आणि चित्रपट दोन्ही बारकाईने पाहिलेत त्यांनी लिहा.

निशाणी_अ
निकालपत्रातल्या दोन गोष्टी सांगतो, म्हणजे अवंती काय म्हणताहेत ते कळेल.

पहिली, टॉवेल. आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, कमरेला फक्त टॉवेल. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि झटापटीत गोळ्या सुटल्या. न्यायालयाने विचारलं, दोन धडधाकट माणसांची झटापट झाली, त्यातला एक गोळ्या लागून कोसळला, तरी टॉवेल कमरेला जसाच्या तसा कसा? तो सुटलाही नाही, ढळलाही नाही. झटापटीच्या कथेला सगळ्यात मोठा तडा याच टॉवेलने दिला.

दुसरी, घड्याळ. नानावटी घरून निघाले दुपारी १.३० ला, खून झाला ४.२० ला. 'गंभीर व अचानक प्रक्षोभ' हा खुनाच्या कलमातला अपवाद मिळवायचा तर राग अचानक यावा लागतो आणि ताबा सुटलेल्या अवस्थेतच कृत्य व्हावं लागतं. मधल्या जवळजवळ तीन तासांत या माणसाने बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, त्या घेताना 'रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय' असं कारण सांगितलं, मग आहुजाच्या कचेरीत गेला, तो तिथे नाही म्हणून घरी गेला. न्यायालय म्हणालं, एवढ्या वेळात ताबा परत आला होता.

नगरला जायची ती थाप हेच पटकथेतलं वळण आहे. त्या क्षणापर्यंत तो दुखावलेला नवरा असतो, त्या वाक्यानंतर काहीतरी लपवणारा माणूस.

मॅटिनी_३
निशाणी, सगळं मान्य, पण हा वकिलांचा थरार झाला. प्रेक्षक तिकीट काढून येतो तेव्हा त्याला जुन्या दंड संहितेच्या कलम ३००चा तो अपवाद शिकायचा नसतो. पटकथाकार बाहेरचं आणतात कारण चित्रपटाला गती लागते. 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) घ्या. न्यूयॉर्कच्या १९६१-६२च्या खऱ्या हेरॉइन प्रकरणावर बेतलेला. त्यातला पुलावरच्या रेल्वेखालून गाडी पळवायचा पाठलाग खऱ्या प्रकरणात झालाच नव्हता. तो चित्रपटासाठी रचला. काढून टाका तो पाठलाग आणि बघा काय उरतं.

गोदाकाठ
काय उरतं? गाडी तपासायचा प्रसंग उरतो, आणि तो पाठलागाइतकाच घट्ट आहे. गाडी सुटी करून झाली, काही सापडत नाही. मग वजन बघतात. गाडीच्या कागदांवरचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत १२० पौंडांचा फरक. म्हणजे माल आतच आहे. मेकॅनिक सांगतो की सगळं उघडलं, फक्त दाराखालच्या लांब पट्ट्या सोडून. त्या उघडतात आणि पुड्या दिसतात. तिथे ना धावपळ, ना गोळीबार, तरी प्रेक्षक पुढे सरकून बसतो. मॅटिनी, तुमचं गतीचं म्हणणं मला पटत नाही. अडचण आणि तिचा उलगडा नीट मांडला की गती आपोआप येते.

मॅटिनी_३
गोदाकाठ, वजनाचा प्रसंग उत्तमच आहे. पण तो पाठलागानंतर येतो म्हणून चालतो, प्रेक्षकाला दम घ्यायला जागा मिळालेली असते.

सायली_न
रचलेल्या पाठलागाचं दुसरं टोक म्हणजे 'आर्गो' (२०१२). तेहरानच्या विमानतळावर पहारेकरी जीपमधून विमानामागे धावतात, तो सगळा प्रकार कल्पित. दूतावासावरच्या कब्ज्यातून निसटून तेहरानमध्ये लपलेले सहा अमेरिकी अधिकारी जानेवारी १९८० मध्ये स्विसएअरच्या विमानाने निघाले, यांत्रिक बिघाडामुळे उड्डाणाला उशीर झाला, बस्स. कोणी अडवलं नाही. उशीर हाच खरा थरार होता. खोट्या नावांचे पासपोर्ट हातात घेऊन प्रतीक्षालयात बसायचं आणि घोषणेची वाट बघायची. दिग्दर्शकाकडे हे तयार होतं, तरी जीप आणली. शिवाय या मंडळींना महिनोन्महिने लपवून ठेवणारे कॅनडाचे राजदूत आणि त्यांचे सहकारी चित्रपटात फार मागे पडले. कॅनडात त्यावर नाराजी उमटली ती रास्तच होती.

खडूफळा
'स्पेशल २६' कसा विसरलात सगळे?

१७ मार्च १९८७ रोजी मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली, गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी पाहिजेत. मुलाखती ताज हॉटेलात. २६ जण निवडले गेले. १९ मार्चला त्यांना बसमधून ऑपेरा हाउसच्या जवाहिऱ्यांच्या पेढीवर नेलं आणि 'सीबीआयचा छापा' टाकला. प्रमुखाने आधी कॅमेरे बंद करायला लावले, मालकाचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर जमा करून घेतलं, दागिन्यांचे 'नमुने' पिशव्यांत भरून सरकारी वाटेल असं सील लावलं. निवडलेल्या पोरांना तिथेच पहाऱ्याला ठेवून माल घेऊन निघून गेला. तो कधीच सापडला नाही.

यात पटकथेच्या दृष्टीने अडचण अशी की घटना एका दुपारची, आरोपी एक, आणि पोलिसांना हाती काहीच लागलं नाही. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला लागणारा प्रतिस्पर्धीच नाही. म्हणून नीरज पांडेंनी एकाच्या जागी टोळी केली, आधीचे खोटे छापे रचले आणि मागावर खरा सीबीआय अधिकारी आणला. घटनेतलं जे हलवण्यासारखं नव्हतं ते ठेवलं : जाहिरात, मुलाखती आणि स्वतःला खरे अधिकारी समजणारी २६ पोरं. माझ्या मते रूपांतर असंच करावं. फसवणूक कशी झाली ते जसंच्या तसं, आणि माणसं नवी.

निशाणी_अ
+१. कॅमेरे आणि रिव्हॉल्व्हरचा क्रम बघा. आधी पुरावा बंद, मग प्रतिकार बंद, मग माल. हा क्रम कल्पनेतून सुचणं अवघड.

पेठेतला_वाचक
पुणेकर म्हणून जोशी-अभ्यंकर प्रकरणाचा उल्लेख करतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून, आरोपी कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी. त्यावर १९८६ मध्ये 'माफीचा साक्षीदार' आला, नाना पाटेकरांच्या भूमिकेचा.

चित्रपटाचं नाव ज्यावरून आलं त्या तरतुदीबद्दल बोलू. टोळीतला एकजण सरकारच्या बाजूने आला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३४३. त्याने सगळं खरं आणि संपूर्ण सांगायचं, बदल्यात माफी. पटकथाकाराला याचा मोठा फायदा, कारण बंद दारामागे काय झालं हे सांगणारा आतला माणूस आयता मिळतो.

पण धोकाही तिथेच आहे. न्यायालय माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर एकट्यावर सहसा विसंबत नाही, महत्त्वाच्या तपशिलांना स्वतंत्र दुजोरा मागतं. पडद्यावर तो बोलायला लागला की लगेच दृश्य सुरू होतं, आणि दृश्य दिसलं की प्रेक्षकाच्या लेखी ते घडलंच. स्वतःचा सहभाग कमी करून सांगायचं कारण या माणसाकडे भरपूर असतं. ते प्रेक्षकाला जाणवून द्यायचं तर त्याच्या कथनात कुठेतरी उलटतपास घुसायला हवा.

सायली_न
पेठेतला_वाचक, एक विनंती. या प्रकरणातल्या कुटुंबांचे नातलग आजही याच शहरात आहेत. खुनाच्या पद्धतीचे तपशील इथे नकोत.

पेठेतला_वाचक
अगदी बरोबर. म्हणूनच ते टाळले. आणीबाणीचा काळ, संध्याकाळी सातनंतर ओस पडणारे रस्ते, दार उघडण्याआधी नाव विचारणारी घरं, एवढं दाखवलं तरी त्या काळचं पुणं उभं राहतं.

नवलेखक९
छान धागा. एका जुन्या खटल्यावर पटकथा लिहायची आहे. सुरुवात कुठून करायची? कागद कुठले मिळतात, परवानगी कोणाची लागते?

निशाणी_अ
नवलेखक, क्रम उलटा ठेवा. आधी सर्वात वरच्या न्यायालयाचा निकाल, मग उच्च न्यायालयाचा, शेवटी सत्र न्यायालयाचा. वरच्या निकालात वाद नसलेल्या गोष्टी आणि वादातल्या गोष्टी वेगळ्या काढलेल्या असतात, त्यामुळे सांगाडा लवकर हाती येतो. सत्र न्यायालयाच्या निकालात साक्षीदार क्रमांकानुसार तपशील मिळतो : कोण कुठे उभं होतं, दार कोणी उघडलं, पंच कोण, मुद्देमाल काय, कुठला कागद कुठल्या निशाणीचा (म्हणजे पुराव्यातल्या कुठल्या क्रमांकाचा).

मग तीन रकान्यांचा तक्ता करा. वेळ, घटना, आणि हे कोणी सांगितलं. तिसरा रकाना भरायचा कंटाळा करू नका. पुढे वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

वर्तमानपत्रांची कात्रणं वातावरणासाठी वापरा, घटनेसाठी नको. पहिल्या आठवड्यातल्या बातम्या बहुतेक पोलिसांनी सांगितलेल्या असतात. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो स्वतंत्र पुरावा नसतो, उलटतपासात विसंगती दाखवायला वापरतात. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब तर आरोपीविरुद्ध चालतच नाही. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य. आपल्याकडचे अर्धे थरारपट चौकीतल्या कबुलीवर संपतात, आणि खरी केस तिथूनच ढासळायला लागते. साक्षीदार फितूर होतात, पंच ओळखत नाही म्हणतो, जप्तीची तारीख जुळत नाही.

कागद मिळवण्याबद्दल : निकालपत्रं संकेतस्थळांवर फुकट आहेत आणि न्यायालयाने मनाई केली नसेल तर ती उद्धृत करायला कॉपीराइट आड येत नाही. दोषारोपपत्र मात्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं. खटल्याच्या फाइलसाठी त्या न्यायालयात नकलेचा अर्ज करावा लागतो, पक्षकार नसाल तर कारण द्यावं लागतं, आणि जुनी फाइल नष्ट झालेली असू शकते. म्हणून अर्ज आधी, लेखन नंतर.

कायदेकानू
परवानगीचं मी सांगते. १९९४चा ऑटो शंकर प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पायाभूत आहे. मद्रासचा खुनी, त्याचं तुरुंगात लिहिलेलं आत्मचरित्र एक तमिळ साप्ताहिक छापणार होतं. न्यायालयाने म्हटलं, सार्वजनिक नोंदीत आलेलं छापायला संबंधिताची संमती लागत नाही. त्या पलीकडे जाऊन खासगी आयुष्य लिहिलंत तर जबाबदारी तुमची. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख मात्र नोंदीत असली तरी उघड करता येत नाही, त्यात नाव बदलून पत्ता, शाळा, नातेवाईक तेच ठेवले तरी ओळख उघड होतेच. खटल्यावर पुस्तक असेल आणि तुम्ही त्याची मांडणी उचलणार असाल तर पुस्तकाचे हक्क घ्यावे लागतील. घटना कोणाच्या मालकीची नसते, मांडणी असते.

आणि खटला चालू असेल तर थांबायची तयारी ठेवा. 'ब्लॅक फ्रायडे' जानेवारी २००५ मध्ये लागणार होता. १२ मार्च १९९३च्या स्फोटांचा खटला तेव्हा टाडा न्यायालयात चालू होता, आरोपींनी हरकत घेतली, उच्च न्यायालयाने प्रदर्शन अडवलं. निकालाचं वाचन सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झालं आणि चित्रपट ९ फेब्रुवारी २००७ला लागला. खरी नावं ठेवली होती, ती त्यामुळे ठेवता आली. पण दोन वर्षं निर्मात्याचे पैसे अडकले, हे गणित आधीच मांडून ठेवा.

खडूफळा
'सर्व पात्रे काल्पनिक' या पाटीचं मूळही खटल्यातच आहे. रास्पुतिनवरचा एमजीएमचा १९३२चा चित्रपट सुरुवातीलाच सांगत होता की यातली काही पात्रं हयात आहेत. राजकन्या इरिना युसुपोव्हने लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि १९३४ मध्ये २५,००० पौंड मिळवले. त्यानंतर स्टुडिओंनी ती पाटी लावायला सुरुवात केली.

कायदेकानू
हो, आणि नुसती पाटी लावून सुटका होत नाही हेही लिहून ठेवा. ओळख पटण्याजोगी असेल तर पाटी वाचवत नाही.

गोदाकाठ
न उलगडलेल्या गुन्ह्यांवर कोणीच बोललं नाही. तिथे कागदाशी प्रामाणिक राहणं सर्वात कठीण, कारण शेवटच नसतो.

कॅलिफोर्नियातल्या न सापडलेल्या मालिका खुन्यावरच्या 'झोडिअॅक'मध्ये (२००७) डेव्हिड फिंचरने एक नियम पाळला. ज्या हल्ल्यातून कोणी वाचलं किंवा ज्याला साक्षीदार होते तेच दाखवायचे. २० डिसेंबर १९६८चा पहिला दुहेरी खून पडद्यावर नाही, कारण सांगणारं कोणी उरलं नव्हतं. वाचलेल्यांची वर्णनं एकमेकांशी जुळत नव्हती, म्हणून वेगवेगळ्या प्रसंगांत मारेकरी वेगवेगळ्या नटांनी केला. तळ्याकाठच्या एका हल्ल्याच्या जागेवरची जुनी झाडं राहिली नव्हती तर ओकची झाडं आणून लावली. ११ ऑक्टोबर १९६९ला सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सीवाला मारला गेला, समोरच्या घराच्या खिडकीतून मुलांनी पाहिलं, पोलिसांना कळवलं, पण रेडिओवरून वर्णन गेलं कृष्णवर्णीय माणसाचं. गस्तीची गाडी एका गोऱ्या माणसाजवळून पुढे निघून गेली. एका चुकीच्या शब्दाने एवढं होऊ शकतं, हे रचलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

त्याच प्रकरणावरून स्फुरलेल्या 'डर्टी हॅरी'त (१९७१) खुनी शाळेची बस पळवतो आणि शेवटी मारला जातो. खऱ्याने बसवर हल्ल्याची फक्त धमकी दिली होती, आणि तो सापडला नाही. एका चित्रपटाने लोकांना हवा तो शेवट दिला, दुसऱ्याने तो नाकारला.

सायली_न
बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) या बाबतीत फार पुढचा. कोरियातल्या ह्वासाँग इथे १९८६ ते १९९१ दरम्यान बायकांचे खून झाले. चित्रपट आला तेव्हा प्रकरण उलगडलेलं नव्हतं, आणि शेवटच्या खुनासाठी खटला भरायची १५ वर्षांची मुदत २००६ मध्ये संपणार होती. म्हणजे कायद्याचं घड्याळ तेव्हा चालू होतं. शेवटच्या दृश्यात नायक थेट कॅमेऱ्यात बघतो, कारण दिग्दर्शकाला वाटत होतं की खुनी चित्रपट बघायला येईल.

२०१९ मध्ये जपून ठेवलेल्या मुद्देमालावरच्या डीएनएवरून तो सापडला. दुसऱ्या खुनासाठी आधीच जन्मठेप भोगत होता. मुदत संपल्याने या खुनांसाठी खटला चालवता आला नाही.

मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. चित्रपटात पोलीस संशयितांना मारहाण करून कबुली घेतात. याच मालिकेतल्या आठव्या खुनासाठी एका निरपराध माणसाने सुमारे २० वर्षं तुरुंगात काढली होती, तीही पोलिसांनी घेतलेल्या कबुलीवर. तो डिसेंबर २०२० मध्ये निर्दोष ठरला. चित्रपटाने ते १७ वर्षं आधी दाखवलं होतं. अवंती, बाहेरचं न आणता कागदातलं उचलल्याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

अवंती_क
फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. मग मूळ प्रश्नाकडे येऊ. नानावटीवर आज कोणी लिहायला बसलं तर १.३० ते ४.२० कसं मांडावं? माणूस एकटा आहे, संवाद नाहीत.

मॅटिनी_३
आधी एक खोटं काढून टाकावं. 'या खटल्यामुळे ज्यूरी तडकाफडकी बंद झाली' असं शेवटी लिहू नका. नंतरही काही काळ ज्यूरीचे खटले चालले, तरतूद गेली ती १९७३च्या संहितेत.

आणि हो, या धाग्यावर माझं मत थोडं सरकलंय. या तीन तासांना पाठलाग नको. मी पाच जागा धरेन. घर, चित्रपटगृहाचं दार, जहाजाचं भांडार, मोटारींची कचेरी, मलबार हिलचा फ्लॅट. भांडाराला सर्वाधिक वेळ. मागणी, कारण, सही, सहा गोळ्या मोजून देणं, पाकिटात घालणं. कारकून रोजचं काम करतोय, त्याला काहीच माहीत नाही. चित्रपटगृहापाशी 'सहा वाजता घ्यायला येतो' एवढंच वाक्य, कारण सहा वाजले की प्रेक्षकाला ते आठवणार.

निशाणी_अ
सहमत. बेडरूममध्ये काय करणार? नानावटी आत गेले आणि दार लावलं. तीन गोळ्या झाडल्या गेल्या. आत काय घडलं याच्या दोनच कथा आहेत, सरकार पक्षाची आणि बचावाची. मी कॅमेरा दाराबाहेर नोकराजवळ ठेवेन. आतलं पहिल्यांदा न्यायालयात ऐकू येऊ दे.

कायदेकानू
मला हे पटत नाही. आठ ज्यूरींनी बचावाची कथा मान्य केली, म्हणजे तीही ताकदीने दिसली पाहिजे. दोन्ही कथा पूर्ण दाखवा, तेच दोन नट, तीच खोली, तोच कमरेचा टॉवेल. झटापटीच्या दृश्यात टॉवेल जागेवर ठेवून अभिनय करायला सांगा. दोन-तीन टेकमध्ये नटांनाच कळेल न्यायालय काय म्हणत होतं, आणि जे कळेल ते चित्रीत करा.

नवलेखक९
हे निकालपत्र कुठल्या क्रमांकाने शोधू?

निशाणी_अ
एआयआर १९६२ एससी ६०५ (ऑल इंडिया रिपोर्टर, १९६२, सर्वोच्च न्यायालय, पान ६०५). घटनाक्रम सुरुवातीलाच आहे, तेवढा भाग आधी तक्त्यात उतरवा. टॉवेल पुढे, पुराव्याच्या चर्चेत येतो.